साध्या वाफ्याची चिठ्ठी

माघीच्या हाताला चिठ्ठी आली ती साध्या वाफ्याची.

अंगणवाडीच्या ओट्यावर सहा घरच्या बायका बसल्या होत्या. मंजुषाताईनं स्टीलच्या डब्यात सहा चिठ्ठ्या टाकल्या, डबा खुळखुळवला आणि एकेकीपुढं धरला. मंजुषाताई संस्थेची. खोडाळ्याहून स्कूटीवर यायची, सूर्यमाळच्या खालच्या पाड्यांत फिरायची, आणि मातीच्या पिशव्या भरून न्यायची. दिवाळीआधी नेलेल्या मातीचा निकाल आता आला होता.

"आपल्या तांबड्या मातीत जस्त कमी आहे," ती सांगत होती. "मातीत नाही म्हणून पाल्यात नाही, आणि पाल्यात नाही म्हणून आपल्या पोटात जात नाही. पोटुशी बाई आणि लहान पोर यांना त्याची फार गरज असते. तर तीन घरांच्या वाफ्यांत आपण जस्त टाकायचं, तीन घरांच्या नाही. बी तेच, शेणखत तेच. मग पाला तपासायचा, म्हणजे खरंच फरक पडतो का ते कळेल. ज्या घरचा वाफा, त्या घरानं तीच भाजी खायची. अदलाबदल करायची नाही."

माघीनं आपली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. शेजारी सून बसली होती, सपना. तिनं चिठ्ठी घेतली आणि हळूच म्हणाली, "साधा हाय, आये."

"मंग माझ्या सुनेनं साधी भाजी खायाची?" माघी मोठ्यानं म्हणाली.

"पुढच्या वर्षी तुमच्याही वाफ्यांना टाकणार आहोत, मावशी."

"पुढच्या साली पोर पोटात नसंल."

मंजुषाताईनं वहीत खाली मान घातली आणि सहा नावं लिहून घेतली.

जस्ताची चिठ्ठी निघालेल्या तिघींत माघीची थोरली जाऊ होती, सकू. सकूचा नवरा पाच सालांमागं वारला, पोरगा बाहेरगावी कामाला. घरी सून शीला आणि काडीसारख्या पायांचा दोन वर्षांचा नातू. दोघी जावांच्या जमिनी एका बांधाला लागून. वाटणी झाली तेव्हा ओहोळाकडचं तोंड सकूच्या वाट्याला गेलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं. सकू चिठ्ठी कमरेला खोचून उठली, माघीकडं न बघता निघून गेली.

ह्या साली घर गावात राहिलं होतं ते सपनासाठी. एरवी भात झोडून झालं की माघी, तिचा नवरा जिव्या, पोरगा रूपेश आणि सून असे चौघं भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचे. मागच्या साली भट्टीवरच सपनाचं सातव्या महिन्यात पडलं. ह्या वेळी पाचवा लागला तेव्हा माघीनं ठरवलं, जायचं नाही. रूपेश एकटाच नाशिकच्या बाजूला द्राक्षांच्या बागेत कामाला गेला. पण दसऱ्याच्या सुमाराला अवकाळी पाऊस झाला नि कापायला आलेली नागली लोळून काळी पडली. कणगीत पौषापर्यंत पुरेल एवढाच दाणा होता. भाजी आली तर घरी खाऊन वरची खोडाळ्याच्या बाजारी नेता येणार होती. नाही आली तर जगन मुकादमाची दुसरी जीप होतीच, पौषात जाणारी.

"भाजीवर चौघं जगत्यात का कुठं?" जिव्या म्हणाला होता.

"तिघं. रूपेश तिकडं जेवतोय."

"आन पोटातला?"

माघीनं कुदळ उचलली.

ओहोळात सिमेंटच्या गोणी रेतीनं भरून बांध घातलेला होता. त्याच्या खाली तिनं आणि जिव्यानं दहा वाफे केले. ढेकळं फोडली, टोपल्यांनी शेणखत आणलं, पालक, मेथी, लाल माठ आणि कडेनं चवळी लावली. पाणी आधी सकूच्या वाफ्यांत जायचं, मग उरलं तर इकडं. उरायचं नाही तेव्हा माघी आणि जिव्या हंडे भरून आणायचे. बांधापलीकडं मंजुषाताई सकूला दाखवत होती. पिशवीतलं पांढरं, मिठासारखं जस्त घेतलं, टोपलीभर कोरड्या मातीत कालवलं, वाफ्यावर फेकलं.

"एका वाफ्याला मूठभरच," ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा जास्त अजिबात नको. उरलेली पिशवी तुमच्याकडं ठेवा, दुसऱ्या पेरणीला लागेल."

माघी वाकून खुरपत होती. तिनं 'मूठ' एवढंच नीट ऐकलं.

तीन आठवड्यांनी पालक बोटभर झाला. एका सकाळी सपना लहान कळशी घेऊन ओहोळावरून येत होती. माघीनं तिला नको म्हटलं होतं, तरी. चढावर आली, थांबली, आणि बसली. बसली म्हणजे पायच गेले तिचे. कळशी घरंगळत खाली गेली. माघी धावली. सपनाचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

"काय झाला? पोटात दुखतंय?"

"नाय, आये. डोळ्यापुढं अंधार आला."

पाड्याचं आरोग्याचं काम बघणारी आशाताई आली. बोटाला सुई टोचली, काचेच्या नळीत रक्त घेतलं. "सात," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात साडेसात होतं. गोळ्या घेतेस ना?" सपना घेत होती, माघी स्वतः रोज समोर उभं राहून गिळायला लावायची. मग आशाताईनं पाड्याच्या मधोमध, आंब्याच्या फांदीला टांगलेल्या काट्याखाली बाकीच्या घरच्या पोरांनाही वजन करायला बोलावलं. सकूचा नातू झोळीत बसला. काटा मागच्या वेळेपेक्षा पुढं सरकला होता. सकूनं तो आकडा आशाताईला दोनदा म्हणायला लावला.

माघीनं तो दोन्ही वेळा ऐकला. बांधापलीकडच्या पालकाची अजून पहिली खुडणीही झाली नव्हती, हे तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाजार. सकू आणि शीला पोराला घेऊन जीपनं खोडाळ्याला गेल्या. उन्हं वर आली तेव्हा माघी सकूच्या घराशी गेली. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. पाड्यात कुणी लावत नसे. ती आत गेलीही नाही. पिशवी पडवीतच, कारवीच्या कुडाला खुंटीवर अडकवलेली होती. जड होती. माघीनं ती पदराखाली घेतली आणि खाली मान घालून वाफ्यांकडं चालू लागली. वाटेत पाड्यातला एक म्हातारा बैल घेऊन येताना दिसला, तशी ती झुडपाआड लघवीला बसल्यासारखी बसली. म्हातारा तोंड फिरवून गेला. ह्या वयात असं बसायची लाज तिला नंतर कितीतरी दिवस आठवली.

माती कालवायला वेळ नव्हता. तिनं एकेका ओळीच्या बुडाशी बोटानं चर पाडला आणि मुठी सोडत गेली. पहिल्या वाफ्याला एक मूठ टाकली, ती डोळ्यांना काहीच दिसेना. सपनाचं रक्त सात. तिनं आणखी दोन टाकल्या. पाचव्या वाफ्याला पोचेस्तोवर तिनं मोजायचं सोडलं होतं. हाताला चिरा होत्या, त्यांत ते मिठासारखं झोंबत होतं. पिशवी रिकामी झाली तेव्हा पाच वाफे झाले होते, पाच राहिले होते. तिनं पिशवी दगडाखाली दाबली आणि वरून पाणी दिलं. हंड्यावर हंडा.

चार दिवस पालक तसाच होता. पाचव्या दिवशी कोवळी पानं पिवळी दिसू लागली. शिरा हिरव्या आणि मधला सगळा भाग हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा. माठाच्या कडा करपल्या. माघीला वाटलं पाणी कमी पडलं. तिनं पाणी वाढवलं. आठव्या दिवशी मेथी उपटून पाहिली तर मुळं तपकिरी, आखडलेली, धाग्यांचा गुंता. सकूच्या बाजूचा पालक मात्र तळहाताएवढा झाला होता. राहिलेले पाच साधे वाफेही बरे होते, थोडे खुजे पण हिरवे. म्हणजे कीड नव्हती, पाणी नव्हतं. जे होतं ते तिनंच केलं होतं.

"ह्या पाचांनाच कसा काय झाला?" जिव्या वाफ्याशी उकिडवा बसला होता.

"मला काय ठावं."

त्यानं माती उचलली, बोटांत चुरली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकला. मग तो तिच्याकडं बराच वेळ बघत राहिला. तीस सालांच्या संसारात त्यानं तिला कधी खोटं बोलताना धरलं नव्हतं. आताही धरलं नाही. फक्त उठून म्हणाला, "जगनला निरोप देतो. दोन जागा ठेव म्हणून."

"आन सपना?"

"मंग तीन."

"तिला भट्टीवर न्यायाची? सातवा लागतोय तिला."

"हितं कुणाच्या भरवशावर ठेवू? कणगी बघितलीस का?"

माघीनं कणगी रोज बघितली होती. हात घातला तर कोपरापर्यंत जात होता, आणि बोटांना तळाचं शेण लागत होतं.

मंजुषाताईचा निरोप आला, शुक्रवारी पाला घ्यायला येते. जीप रविवारची होती.

शुक्रवारी पहाट फुटता फुटता माघी कोयता आणि टोपली घेऊन निघाली. धुकं ओहोळावर बसलेलं होतं, गवतानं पोटऱ्या भिजत होत्या. तिनं ठरवलं होतं. आपल्या हिरव्या पाचांतही ते पाण्यातून उतरलं असेल, अशी तिला धास्ती होती; म्हणून सकूच्या वाफ्यातला चार मुठी पाला कापायचा, आपल्या टोपलीत ठेवायचा. ताई आली की म्हणायचं, सकाळीच तोडून ठेवलाय, हा घ्या. पिवळे वाफे उपटून टाकायचे, डुकरं घुसली म्हणायचं. बांध ओलांडून ती पहिल्या वाफ्याशी वाकली. पालक थंडगार, जाड पानांचा. तिनं एक मूठ धरली आणि कोयता लावला.

"बुडापासून काप. मंग पुन्ना फुटंल."

सकू बांधाच्या दगडावर घोंगडी पांघरून बसली होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

माघीचा हात तसाच राहिला.

"पिशवी नेलीस तवापासून बघते तुला," सकू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "वीस दिस झालं. म्हटलं, आज बोलंल, उंद्या बोलंल. ताईनं परवा फोनवर विचारलं, पिशवी नीट हाय ना. मी म्हटलं हाय. तुझ्यापायी मी खोटा बोलले, माघे."

"मी नाय नेली."

"तुझ्या वाफ्याकडं बघ नि सांग."

माघी खाली बसली. कोयता मांडीवर ठेवला. धुक्यातून तिचे पाच वाफे दिसत नव्हते, तरी तिला ते दिसत होते.

"सपनाचा रक्त सात निघला," ती म्हणाली. "तुझ्या नातवाचा काटा पुढं गेला."

"त्याला महिनाभर अंडी दिली शीलानं. दोन कोंबड्या बशिवल्या नाय, सगळी त्याला घातली. भाजी कुठं खाल्ली त्यानं अजून?" सकूनं घोंगडी सावरली. "मला विचारला असतास तर सांगितला असता. पण तू कशाला विचारतेस? चार साल झालं, तू मला पाण्याचासुदीक विचारला नाय. हंडे वाहून मेलीस, पण 'सकूबाय, जरा पाणी सोड' म्हणून तोंड उघडला नाय."

"तूच सोडायचा. दिसत नव्हता तुला?"

"दिसत व्हता," सकू म्हणाली. "तुला वाकताना बघून बरा वाटायचा मला. आता खरा तेच सांगते."

वरच्या पाड्यावर कुणीतरी लाकडं फोडत होतं.

"रईवारी जीप हाय," माघी म्हणाली. "ह्यो तिलाबी नेतो म्हणतो."

सकूनं तिच्याकडं पाहिलं. तिला मागच्या सालचं ठाऊक होतं. भट्टीवरून परत आलेल्या सपनाला पाड्याच्या वाटेवरून उचलून आणणाऱ्या बायकांत ती होती.

"मंग?"

मागणं माघीला कधी जमलं नव्हतं. चोरी जमली, पण हे जमेना.

उन्हं धुक्यात शिरली तेव्हा स्कूटीचा आवाज आला. मंजुषाताई उतरली, पाठोपाठ बाकीच्या चार घरच्या बायका कागदी पिशव्या घेऊन. सगळ्या बांधावर आल्या. ताईची नजर आधी हिरव्यावर गेली, मग पिवळ्यावर. ती वाफ्यात शिरली, एक रोप उपटलं, मुळं पाहिली, आणि तिचा चेहरा बदलला.

"हे कुणी टाकलं?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"सकूबाई, पिशवी कुठे आहे?"

सकू माघीकडं बघतही नव्हती. ती पुन्हा खोटं बोलली असती का, हे माघीला कधीच कळलं नाही, कारण तेवढ्यात माघीच उभी राहिली.

"मी टाकला. हिच्या पडवीतून मी नेली. हिनं काय केला नाय."

"किती टाकलं?"

"सगळा."

"अख्खी पिशवी? पाच वाफ्यांना?" मंजुषाताईचा आवाज चिरकला. "मावशी, मूठभर म्हणाले होते मी. तेसुद्धा मातीत कालवून. हे काय मीठ आहे का, जास्त घातलं की जास्त लागेल? मुळं जाळलीत तुम्ही. सहा घरांचं दोन महिन्यांचं काम आहे हे. आता मी वरती काय सांगू?"

ती पोरीच्या वयाची होती आणि सगळ्यांसमोर बोलत होती. माघीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. एक बाई हसली. दुसरीनं तिला कोपर मारलं.

"तुमचं नाव काढावं लागेल," ताई म्हणाली. "ह्या वाफ्यांतलं काही खाऊ नका. राहिलेले पाच पण आता मोजता येणार नाहीत." तिनं वही उघडली, पेन फिरवलं. रेघ ओढल्याचा आवाज ऐकू आला.

"नाव काढला?" माघीनं विचारलं.

"काढलं."

"मंग आता माझ्या घरानं कुठलीबी भाजी खाल्ली तर चालंल?"

मंजुषाताईनं मान वर केली. "म्हणजे... हो. आता तुम्ही चाचणीत नाही. काहीही खा."

माघी वळली. सकू अजून दगडावरच बसलेली. मधे तीन पावलांचं अंतर, आणि सगळ्या बायका बघत होत्या. माघीनं कोयता खाली ठेवला.

"सकूबाय," ती म्हणाली. "मी नि ह्यो जातो भट्टीवर. माझ्या सुनेला तुझ्याकडं ठेवून घे. बाळंत होईस्तोवर. तुझ्या वाफ्यातली भाजी तिला दे. मागते मी."

सकू उठली, घोंगडी झटकली, घडी घातली. माघीला वाटलं, ती आता नाही म्हणणार, आणि म्हणाली तर तिचं काही चुकणार नाही.

"शीलाच्या शेजारी निजंल ती," सकू म्हणाली. "पण तुझी नागली असंल तेवढी माझ्या घरी टाकून जा. आन पाणी भरायला मी तिला धाडणार नाय, मंग नंतर म्हणू नकोस बसवून ठेवली म्हणून."

"नाय म्हणणार."

"चल मंग, पाला तोडू दे ताईला. उनात कोमेजतो तो."

मंजुषाताईनं सकूच्या वाफ्यातला पाला कात्रीनं कापून कागदी पिशवीत भरला, वर तारीख घातली. जाताना ती माघीपाशी थांबली. आवाज खाली आला होता. "भरपूर शेणखत आणि चुलीची राख घाला मावशी. एक पावसाळा जाऊ द्या. माती सुधारेल."

"आन सकूचा पाला? त्यानं रक्त वाढंल ना?"

"तेच बघतोय आम्ही. निकालाला वेळ लागेल. रक्ताच्या गोळ्या सोडू देऊ नका तिला. भाजी गोळ्यांच्या जागी नाही, सोबत." मग जरा अडखळून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, ओट्यावर. मी वरती विचारलं होतं. त्यांनी चिठ्ठ्याच टाका सांगितलं."

माघीनं मान हलवली. त्या पोरीवर तिचा राग उरला नव्हता. तिलाही वरती कुणीतरी होतं.

दोन दिवस माघी आणि जिव्यानं पाच वाफ्यांची करपलेली भाजी उपटली, आणि गुरं तोंड लावतील म्हणून खड्डा खणून पुरली. गोठ्यातलं होतं नव्हतं ते शेण आणून पसरलं, तीन घरच्या चुलींची राख मागून आणली. जिव्या राखेची टोपली तिच्या डोक्यावरून उतरवून घेताना म्हणाला, "मलातरी सांगायाचास."

"तू थांबवला असतास."

"व्हय," तो म्हणाला. "थांबवला असता."

रविवारी जगनची जीप आली. माघीनं सपनाला सकूच्या पडवीत बसवलं, गोळ्यांचं पाकीट शीलाच्या हातात दिलं, आणि कणगीतली नागली गोणीत भरून कोपऱ्यात ठेवली. गोणी गुडघ्याएवढीही भरली नव्हती. सकूनं ती उचलून आत नेली.

भट्टीवर दिवस चिखलात गेले. माघी माती तुडवायची, जिव्या साच्यात वीट पाडायचा. शेजारच्या खोपीत आपल्याच मोखाडा तालुक्यातली माणसं होती, पण माघी कुणाशी फार बोलली नाही. आठवड्यातून एकदा जगनच्या फोनवरून सकूला लावायची. सकू थोडक्यात सांगायची. पालक संपला, आता चवळी हाय. ओहोळ आटत चाललाय. रक्त साडेआठ निघला. भाजीनं की गोळीनं, ताईलाच ठावं नाय, मला काय विचारतेस.

फाल्गुन लागला. एका दुपारी माघी चिखलात पोटरीपर्यंत उभी असताना जगन फोन घेऊन धावत आला. तिनं हात लुगड्याला पुसले, तरी फोनला चिखल लागलाच.

"झाली," सकू म्हणाली. "सकाळी. मोखाड्याच्या दवाखान्यात. पोरगी हाय."

"सपना?"

"बरी हाय. पेज प्यायली. पोरगी अडीच किलोची हाय. नर्सबाय म्हणाली, ठीक."

अडीच म्हणजे किती, ते माघीच्या ध्यानात येईना. तिनं डाव्या हातात तांदळाच्या पिशवीएवढं काहीतरी धरल्यासारखं करून पाहिलं. मागं ट्रक विटा भरत होता, मुकादमाचा माणूस ओरडत होता.

"रडते का?"

"आता निजलीय."

"उठीव तिला."

"निजल्या पोराला उठवू? येडी का तू?"

"उठीव गं, सकूबाय. एकडाव. मला ऐकू दे."

पलीकडं खाटेची कुरकुर, शीलाचं काहीतरी पुटपुटणं, आणि सकूचा आवाज, फोनपासून लांब, माघीनं आजवर तिच्या तोंडून न ऐकलेल्या सुरात, "ऊठ गं बाय, ऊठ. तुझी आजी लय हट्टी हाय, ऊठ."

माघीनं दुसरा कान चिखलाच्या हातानं दाबून धरला. आणि मग तो बारीक, चिडका, न थांबणारा आवाज आला.